डोकं दुखत नसतानाचे दिवस

महोदय,

अर्धशिशीवर छापून येतं ते बहुधा काय खावं, काय टाळावं आणि कपाळाला कशाचा लेप लावावा, एवढंच. हा आजार ज्यांच्या मागे वर्षानुवर्षं लागलाय त्यांना ठाऊक असतं, की डोकं दुखत नसतं तेव्हाही तो पाठ सोडत नाही. एक अटॅक ४ ते ७२ तास चालतो. त्या वेळी निदान काय करायचं ते ठरलेलं असतं: दिवा बंद, पडदे ओढलेले, उशाशी पातेलं. मधल्या दिवसांचं काय? लग्नपत्रिका हातात पडली की आधी आठवतो तो डीजे. शेजारच्या फोडणीचा वास आला तरी छातीत धस्स होतं. कुणाला ‘येते’ म्हणायचीच भीती वाटते, आणि मग बोलावणीही कमी होत जातात.

त्यात हे दुखणं कुणाला दिसत नाही. स्कॅनचा रिपोर्ट नॉर्मल. मी शाळेत शिकवते. रजेच्या अर्जावर ‘डोकेदुखी’ लिहिलं तर मुख्याध्यापकांच्या भुवया उंचावतात. म्हणून पुष्कळ जणी ‘ताप’ लिहून मोकळ्या होतात. पुरुषांच्या दोन-तीन पट बायकांना हा आजार होतो. कदाचित म्हणूनच त्याला ‘नाटकं’ म्हणणं इतकं सोपं जात असावं.

अर्धशिशी असलेल्यांमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि मन खचलं की अटॅकही वाढतात. पण मनाचं नाव काढलं की घरात वेगळंच सुरू होतं. अमिट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचं औषध. अटॅक कमी व्हावेत म्हणून ते कमी मात्रेत दिलं जातं. माझ्या नात्यातल्या एका मुलीला मेडिकलच्या काउंटरवर कुणीतरी सांगितलं, ‘ही तर डिप्रेशनची गोळी.’ सासूबाईंनी ती त्याच दिवशी बंद करायला लावली. मुलगी पुन्हा साध्या वेदनाशामक गोळ्यांवर आली. या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, असं काही महिने घेत राहिलं तर त्यांनीच डोकं दुखू लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी चिठ्ठी देताना ही गोळी कशासाठी, हे पेशंटसोबत आलेल्या माणसालाही सांगावं. आणि ‘महिन्यातून किती वेळा दुखतं?’ याच्या जोडीला ‘मधल्या दिवसांत कसं वाटतं?’ एवढंही विचारावं.

– एक शिक्षिका, सातारा