बाबा, तो पिवळा लाईट लवकर दाखवा

बाबा, आई, नमस्कार.

फोनवर हे सगळं धड सांगता येत नाही म्हणून लिहून राहिलो. परवा आई बोलता बोलता म्हणाली की काटोल रोडवर पिकअप घेताना गाडी झटके मारते अन मीटरमधला इंजिनचा पिवळा लाईट लुकलुकतो, आणि तुम्ही म्हणाले अक्षय तृतीया झाल्यावर पाहू. बाबा, तेवढं थांबू नका. लाईट नुसता लागून राहिला तर एकवेळ चार दिवस चालतं, पण लुकलुकतो म्हणजे गाडी जोरात मिसिंग करून राहिली, म्हणजे एखाद्या सिलेंडरमधलं पेट्रोल नीट जळत नाही, अन नुकसान आत्ता होऊन राहिलं.

माझ्या गाडीचं हेच झालं. चारपैकी एका सिलेंडरची इग्निशन कॉईल गेली होती, स्पार्क पडत नव्हता, तर तिथलं पेट्रोल न जळता तसंच सायलेन्सरकडे जात होतं आणि मी ऑफिसच्या धावपळीत महिनाभर तशीच चालवली. मधात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो ना, त्याच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी कार्बन मोनॉक्साईड तिथेच कार्बन डायऑक्साईड होतो, नायट्रोजनचे ऑक्साईड तुटून साधा नायट्रोजन होतो. पण कच्चं पेट्रोल तिथे जाऊन जळलं की जाळी इतकी तापते की वितळते. माझी वितळली. धूर निघायला वाटच नाही, गाडी चढावर दमून जायची.

60 डॉलरची कॉईल वेळेवर बदलली असती तर भागलं असतं, शेवटी 1,600 गेले. इथे अमेरिकेत कन्व्हर्टरला 8 वर्षं किंवा 80,000 मैलांची वॉरंटी असते पण माझी गाडी त्याहून जुनी. आणि कॅलिफोर्नियात कोणताही स्वस्तातला लावता येत नाही, राज्याने मंजूर केलेलाच लागतो, त्याच्यावर नंबर कोरलेला असतो अन दर 2 वर्षांनी स्मॉग टेस्टला, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीला, तो तपासतात.

मेकॅनिक मात्र चांगला भेटला. त्याने पहिले कॉईल अन प्लग बदलले, मिसिंग पूर्ण गेली का पाहिलं, तेव्हाच कन्व्हर्टरला हात लावला. मूळ दुखणं तसंच ठेवलं तर नवाही जळेल म्हणाला. गंजलेल्या नटांवर रात्रभर तेल टाकून ठेवलं होतं, गॅसकेट नवे घातले.

तिकडे कोणी म्हणेल की काका, आतली जाळीच काढून टाकू, पिकअप वाढेल. अजिबात ऐकू नका! कन्व्हर्टरच्या मागचा सेन्सर ते पकडतो, लाईट जात नाही, आणि तो सगळा विषारी धूर आपल्याच गल्लीत सुटतो, तिथे लेकरं खेळतात. पहिले स्कॅनर लावून कोणता सिलेंडर मिसिंग करतो ते पाहायला सांगा, प्लग अन कॉईल तुमच्यासमोर काढायला लावा.

अन काटोलच्या बगीच्यात गेले की गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका, कन्व्हर्टर खालून फार तापलेला असतो, गवत पेटू शकतं. धुऱ्याजवळ मोकळ्या मातीत लावत जा.

बिलाचा फोटो पाठवा, पैसे मी त्याच दिवशी टाकतो. आई, तू यांना सोमवारी सकाळीच गाडी घेऊन पाठव.

तुमचा,
बंटी