महाद्वार रोडच्या घड्याळवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या आषाढात डबीत सुटे भाग घेऊन तुमच्या टेबलापाशी आलो होतो, आठवतंय? बाबांची एचएमटी जनता, चावीची, 17 ज्वेलची, म्हणजे आत 17 बारीक खडे असलेली. छंद म्हणून उघडलेलं माझं तिसरंच घड्याळ. सगळे भाग रात्रभर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ठेवले आणि सकाळी पॅलेट फोर्कचा, म्हणजे टिकटिक करणाऱ्या त्या छोट्या भागाचा, एक खडा वाटीच्या तळाशी सुटा दिसला. बाबांना सांगायचा धीर होत नव्हता.

तुम्ही रागावला नाहीत. विचारलंत, "वडील काय करतात?" फर्निचरला पॉलिश करायचे, म्हटलं. "मग चपडा कशात विरघळवायचे?" स्पिरिटमध्ये, असं म्हणतानाच मला उमगलं. फोर्कचे दोन्ही खडे लाखेनं, म्हणजे चपड्यानंच, बसवलेले असतात, बॅलन्सखालचा, म्हणजे डोलणाऱ्या चाकाखालचा, बारका खडाही तसाच; माझ्या अल्कोहोलनं तीच लाख विरघळवली होती. तो लाख-स्पिरिटचा वास मी लहानपणापासून घरात घेतलाय, पण घड्याळाशी त्याची गाठ तुम्ही घालून दिलीत.

आता फोर्क आणि बॅलन्स फक्त पांढऱ्या पेट्रोलमध्ये, म्हणजे साफसफाईच्या शुद्ध पेट्रोलमध्ये, धुतो, तेही थोडा वेळ. त्यात लाख विरघळत नाही. पंपावरचं पेट्रोल अजिबात नाही. नवी बाटली आणली की तुम्ही शिकवलेली परीक्षा घेतो: काचेवर एक थेंब, तो उडून गेल्यावर डाग राहिला तर ती बाटली घड्याळासाठी नाही. आणि सुकून चिकट झालेलं तेल नुसतं भिजवून निघत नाही, ज्वेलच्या भोकात टोकदार काडी फिरवावीच लागते, हेही तुमच्याकडूनच शिकलो.

सगळ्यात मोठे उपकार मात्र वेगळे. मी कुठे बसून काम करतो, हे तुम्ही विचारलंत. स्वयंपाकघरात, जमिनीवर. पांढऱ्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ज्योतीवरही पेट घेते, हे मला माहीत नव्हतं. आमचं देवघर तिथून चार पावलांवर आहे, आई रोज तिन्हीसांजेला समई लावते. त्या दिवसापासून काम गॅलरीत, दिवसाउजेडी, झाकणाच्या छोट्या बरणीत.

तुम्ही लाखेचा कण तापवून खडा बसवून दिलात आणि पैसे घेतले नाहीत. शेवटी बाबांना सगळं सांगितलं. घड्याळात चपडा असतो म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातातलं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ फोर्क पाहत बसले. तुम्हाला भेटायचं म्हणतात. रविवारी घेऊन येतो.

तुमचा,
डबीवाला मुलगा