फोटोतली ती मुलगी माझी पुतणी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातला आमच्या तालुक्याच्या कॉलेजवरचा अर्धा पान मजकूर वाचला. 'अंदाजपत्रकाच्या केंद्रस्थानी विद्यार्थी', 'सर्व समाजघटकांना सामावून घेणारं संकुल' वगैरे. रविवारीच लिहिणार होतो, म्हटलं एक रात्र जाऊ द्यावी. रात्र गेली, राग काही गेला नाही.

शेजारी फेटिया-काचळी, म्हणजे आमचा घागरा-चोळी, घातलेल्या पाच मुलींचा रंगीत फोटो आहे. त्यातली डावीकडून दुसरी माझी पुतणी. फोटो ताजा नाही. दोन वर्षांपूर्वी कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची समिती आली होती तेव्हाचा. खाली तुम्ही 'आदिवासी नृत्य सादर करताना विद्यार्थिनी' असं छापलंय. साहेब, आम्ही बंजारा. सरकारदरबारी विमुक्त जाती अ. आम्हाला आदिवासींत घ्यावं की नाही यावरून मोर्चे निघाले, उलट मोर्चे निघाले. तुमच्या उपसंपादकांनी एका फोटोओळीत विषय मिटवला. अभिनंदन.

ती काचळी माझ्या आईची. पोरीचे आईबाप तेव्हा ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेले, म्हणून ट्रंक मीच उघडली. कॉलेजातून दोनदा फोन आला, 'पोशाख अस्सल पाहिजे, भाड्याचा नको.' बायकोने रात्री बसून सुटलेले आठ-दहा आरसे पुन्हा टाचले. नॅकच्या सातव्या निकषात सांस्कृतिक, भाषिक विविधतेचा मुद्दा होता, त्याला गुण होते, हे मला नंतर कळलं. मिळाले असतील. आमचा एक आरसा नाचात फुटला.

महिन्याभरात त्याच पोरीचं हॉल तिकीट अडवलं. खिडकीवरचे बाबू म्हणाले, "शिष्यवृत्ती जमा नाही. फी भरा, मग या." सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, महाडीबीटीवर बघितलं तर अर्ज कॉलेजच्याच क्लार्क लॉगिनला सप्टेंबरपासून पडून. पुढे पाठवायचा यांनी. पाठवला नाही म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून तिकीट नाही. मी तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडली, पण गाडी स्वतःच डेपोत उभी ठेवून प्रवाशाला 'उशीर का केला' विचारणारा कंडक्टर पाहिला नाही.

अर्ज का अडला, तर म्हणे 75 टक्के हजेरी भरत नाही. फिजिक्सला कायम प्राध्यापक नाही. तासिकावाले सर नेमले दिवाळीनंतर. तोवर तासच झाले नाहीत, मग हजेरी कशाची लावायची, फळ्याची? शेवटी 3,860 रुपये मी भरले. शिष्यवृत्तीच्या मुलांकडून आधी फी घेऊ नका, अशी परिपत्रकं निघत असतात. मी एक दाखवलं. बाबूंनी आदराने वाचलं आणि परत दिलं.

त्या सरांबद्दल माझी तक्रार नाही. तासाला 900 रुपये, आठवड्याला नऊच तास, तेही पैसे चार-सहा महिन्यांनी एकदम. यूजीसीने 2019 मध्येच 1,500 सांगितले होते. पुतणी म्हणते, शिकवतात मात्र जीव तोडून. असो, त्यांचं पत्र ते लिहितील.

तुमच्या वार्ताहराने ते अंदाजपत्रक खरंच वाचलं असेल तर दोनच आकडे छापावेत: नवी कमान केवढ्याला पडली आणि फिजिक्सच्या प्रयोगशाळेला किती ठेवले. कमान मला रोज दिसते. झकास आहे.

जाता जाता आमच्याच महामंडळाला. प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला आणि तांड्याकडची शेवटची गाडी 5.10 ची. पास काढायला लावता, मग वीस मिनिटं थांबायला काय जातं? मी नोकरीत असताना हेच डेपोत बोललो होतो, तेव्हा ड्युटी बदलली होती माझी.

फोटोओळीची दुरुस्ती छापावी, आणि जिथे चूक छापली त्याच पानावर छापावी. 'वाचकांना झालेल्या गैरसोयीबद्दल' असल्या बारीक चौकटीत नको. मूळ फोटो मिळाला तर बरं होईल, आईला दाखवायचा आहे. अंकात तिची लाल काचळी जांभळी आली आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, जि. बीड