दुसऱ्या अंकातली एन्ट्री

कोल्हापूर, जानेवारी २०२६

चि. सानिका हिस अनेक आशीर्वाद.

तू मुंबईला गेलीस त्याला सव्वा महिना झाला. स्टँडवर तुला सोडायला मी आलो नाही. आईनं सांगितलं असेल, बाबांना काम होतं. काम नव्हतं. नाटकाचे लाइट कमीजास्त करायचा डिमर बोर्ड उघडून नुसता बसलो होतो. बारा वर्षं नाटक कंपनीच्या बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेली पोर नाटक सोडून मालिकेत जाते, हे मला पचेना. त्या रात्री "कॅमेऱ्यासमोर रडायला काय लागतं?" असं जे तुला बोललो, ते चुकीचं होतं. फोनवर हे माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणून लिहितोय.

एका बाईबद्दल सांगायचंय. फेलिसिटी केंडल, इंग्लंडची नटी. आज ती एकोणऐंशी वर्षांची आहे आणि अजून रंगमंचावर उभी राहते. तिचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते जुहूच्या पृथ्वी थिएटरात. तुझ्या जन्माआधी एका हिंदी नाटकाचे लाइट करायला गेलो होतो. दोनेकशे खुर्च्या, प्रेक्षक तीन बाजूंना. तिथं लाइटवाल्याची चूक लपत नाही. हे थिएटर उभं केलं शशी कपूर आणि त्यांची बायको जेनिफर केंडल यांनी. ५ नोव्हेंबर १९७८ला ते सुरू झालं ते आपल्या गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'च्या हिंदी प्रयोगानं, हे मी तुला किती वेळा सांगितलंय! जेनिफर १९८४मध्ये गेली. फेलिसिटी ही तिची तेरा वर्षांनी धाकटी बहीण.

त्यांचे वडील जेफ्री केंडल आणि आई लॉरा यांची फिरती कंपनी होती, 'शेक्सपिअराना'. जेफ्रींचं मूळ आडनाव ब्रॅग. उत्तर इंग्लंडमधलं केंडल हे त्यांचं गाव, तेच नाव त्यांनी लावलं. आपल्याकडच्या कुठल्याही 'कर'सारखंच. ही माणसं हिंदुस्थानभर शाळांत, राजवाड्यांत, मिळेल त्या हॉलमध्ये शेक्सपिअर करत हिंडायची. उत्पल दत्त त्यांच्यात होते, शशी कपूर त्यांच्यातच शिकले. फेलिसिटीला नऊ महिन्यांची असताना उचलून स्टेजवर नेलं होतं, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मधलं मूल म्हणून. तुला सात महिन्यांची असताना नेलं होतं, आठवतं का आई सांगते ते? सांगलीला. तू रडली नाहीस, वर लाइटकडे बघत राहिलीस.

सात वर्षांची झाल्यावर फेलिसिटी कंपनीबरोबर इकडे आली आणि या कॉन्व्हेंटातून त्या कॉन्व्हेंटात शिकत वाढली. तिची खरी शाळा म्हणजे कंपनी. ट्रंका भरणं, कपडे वाळत घालणं, आजारी नटाच्या जागी ऐनवेळी उभं राहणं. अभिनयाचं दुसरं शिक्षण तिनं घेतलेलं नाही.

मग १९६५चा 'शेक्सपिअर वाला' आला. जेम्स आयव्हरींचा सिनेमा, संगीत सत्यजित राय यांचं. अशाच एका उतरत्या कंपनीची ती गोष्ट. मुलीचं काम फेलिसिटीनं केलंय आणि तिच्या आईबापाचं काम तिच्याच खऱ्या आईबापानं. शेवटी मुलगी बोटीनं इंग्लंडला जाते, आईबाप इथंच राहतात. मी हा सिनेमा गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला, तू गेल्यावर चौथ्या दिवशी. या आधी तीन वेळा पाहिला होता आणि दर वेळी शशी कपूरकडे बघत राहिलो होतो. या वेळी बापाकडे पाहिलं. तो माणूस पडद्यावर जे करत होता ते त्याच्या घरात घडून गेलं होतं आणि पुन्हा घडायचं होतं. थोरली आधीच गेली होती. जेनिफर शशीबरोबर कंपनीतून निघाली तेव्हा जेफ्री फार दुखावले होते. आणि हा सिनेमा झाल्यावर धाकटीही खरोखरच इंग्लंडला गेली. पिक्चर संपल्यावर मी बराच वेळ टीव्ही बंद केला नाही.

लंडनमध्ये तिची ओळख कुणाला होती? इतक्या वर्षांच्या दौऱ्याची तिकडे कुणी दखल घेत नाही. तुझ्या ऑडिशनला 'आधी काय केलंय?' विचारल्यावर तू नाटकांची नावं सांगितलीस आणि समोरच्यांनी मान वर केली नाही, तसंच असणार. पण १९६६मध्ये बीबीसीच्या एका टीव्ही नाटकात तिला काम मिळालं, आणि समोर कोण, तर तिकडचे थोर नट जॉन गिलगुड! पुढच्या वर्षी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात ती पहिल्यांदा उभी राहिली. म्हणजे तिकडच्या स्टेजपर्यंत तिला टीव्ही आधी घेऊन गेला. हे मला त्या रात्री ठाऊक असतं तर मी एवढा मोठ्यानं बोललो नसतो.

घराघरात ती पोचली १९७५ला, 'द गुड लाइफ'मुळे. बीबीसीची विनोदी मालिका. नवरा चाळिशीचा होतो, नोकरी सोडतो, आणि लंडनजवळच्या सर्बिटन नावाच्या टापटीप वस्तीत दोघं घराच्या बागेत शेती करायला लागतात. डुकरं, कोंबड्या, एक बकरी, आणि शेजारी नाक मुरडणारी प्रतिष्ठित मंडळी. नवरा रिचर्ड ब्रायर्स, बायको बार्बरा म्हणजे ही. चिखलानं माखलेली, हसरी, हट्टी बाई. १९७८पर्यंत मालिका चालली, आणि शेवटचा भाग राणी एलिझाबेथ स्वतः समोर बसलेली असताना चित्रित झाला.

त्यातलं एक तुला सांगितलंच पाहिजे. त्या मालिका स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित व्हायच्या. प्रेक्षक हसले की नट थांबायचा, हसू उतरायला लागलं की पुढचं वाक्य. तिचं थांबणं नीट बघ. कुठंही घाई नाही, आणि हसू पूर्ण विरूही देत नाही. हे कॅमेऱ्यानं शिकवलेलं नाही. ज्या मुलीनं लहानपणापासून रोज नव्या गावात, नव्या हॉलमध्ये, इंग्रजी जेमतेम कळणाऱ्या पोरांसमोर नाटक केलंय, तिच्या अंगातच ते मुरलेलं असतं. तुझ्या सेटवर प्रेक्षक नसतील, मला माहीत आहे. तरी ते तुझ्यातून कुणी काढून घेऊ शकत नाही.

आणि मालिका गाजत असतानाही तिनं स्टेज सोडलं नाही. मालिकेच्या आदल्या वर्षी ती नाटककार अॅलन एकबॉर्नच्या तीन नाटकांच्या संचात होती. १९७९ला नॅशनल थिएटरच्या 'अमाडेउस'च्या पहिल्या प्रयोगांत संगीतकार मोझार्टची बायको, समोर पॉल स्कोफिल्डसारखा मोठा नट. १९८२ला नाटककार टॉम स्टॉपर्ड यांचं 'द रिअल थिंग', १९९३ला त्यांचंच 'आर्केडिया'. १९८९ला शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'मधली बिअॅट्रिस आणि चेकॉव्हचं 'इव्हानॉव्ह', दोन्हींसाठी मिळून लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्ड वर्तमानपत्राचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार. अधूनमधून मालिका येत राहिल्या. सगळ्या सारख्या नव्हत्या, आणि त्यानं काही बिघडलं नाही.

लाइटवाला म्हणून मला सगळ्यात आवडतं ते २००३ साल. त्या वर्षी ती टीव्हीवर 'रोझमेरी अँड थाइम'मध्ये बागकाम करता करता खुनाचा छडा लावणारी बाई झाली. आणि त्याच वर्षी पीटर हॉल यांच्या दिग्दर्शनात बेकेटच्या 'हॅपी डेज'मध्ये विनी. त्या नाटकात बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत जमिनीत गाडलेली असते, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. हात नाहीत, चालणं नाही, राहिला फक्त चेहरा आणि आवाज. वरून भगभगीत उजेड, लेखकानंच तसा मागितलाय. एवढ्या उजेडात नटाला लपायला जागा उरत नाही. टीव्हीवर घरबसल्या आवडणारी बाई संध्याकाळी जाऊन त्या उजेडात उभी राहते. उभी कसली, गाडून घेते! टीव्हीनं नट मऊ पडतो असं मी आयुष्यभर म्हणत आलो. आता म्हणणार नाही.

स्टॉपर्ड यांनी तिच्यासाठी भारतावर एक श्रुतिका लिहिली होती. त्याचं पुढं नाटक झालं, 'इंडियन इंक'. १९३० साली फ्लोरा नावाची कवयित्री हिंदुस्थानात येते आणि इंग्लंडमधल्या बहिणीला पत्रं लिहिते. फ्लोरा परत जात नाही, इथंच वारते. बहीण म्हातारपणी ती पत्रं काढून वाचत बसते. १९९५च्या लंडनच्या प्रयोगात फेलिसिटी फ्लोरा होती. आणि आता, गेल्या डिसेंबरात, हॅम्पस्टेड थिएटरमध्ये तेच नाटक पुन्हा लागलं. या वेळी ती म्हातारी बहीण झाली आहे. फ्लोराचं काम एक तरुण मुलगी करते. तीस वर्षांपूर्वी आपण म्हटलेली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून रोज ऐकायची, आणि आपण पत्रं सांभाळणाऱ्याच्या खुर्चीत बसायचं. त्यावर उजेड कसा टाकला असेल याचा मी दोन रात्री विचार करतोय.

तुझी मालिका सुरू झाली की आई साडेसातला टीव्ही लावणार आहे. मीही बसेन. तुझा चेहरा फार वरून उजळवत असतील तर कॅमेरामनला जरूर सांग, तुझ्या डोळ्यांखाली सावली पडते. त्यांना राग येणार नाही अशा बेतानं सांग. जेवण वेळेवर कर. खोलीचं भाडं कमी पडलं तर मला फोन कर, आईला नको, ती काळजी करते.

रविवारी मिरजेला प्रयोग आहे. तुझं काम नवीन मुलगी करते, बरी आहे, पाठांतर चोख आहे. दुसऱ्या अंकातल्या एन्ट्रीला तू विंगेत एक श्वास थांबायचीस, म्हणून मी स्पॉट किंचित उशिरा द्यायचो. अजून तसाच देतो. ती बिचारी दर प्रयोगाला अंधारात येऊन उभी राहते. या वेळी निघण्यापूर्वी मला तिला सांगितलं पाहिजे.

तुझे बाबा