किती फूट?

सांगली,
मृग लागून आठ दिवस झाले.

प्रिय संभा,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी गिरणी उघडताना वाचला. "जगाच्या तापमानवाढीनं दीड अंशाची वेस ओलांडली. माणूस सुधारणारी जात न्हवं. डाळिंबाची बाग काढून टाकतोय, पोराला सांगितलंय, मातीत आता पैसा घालू नको." दोनदा फोन लावायला घेतला आणि ठेवला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून लग्नानंतर पहिल्यांदा कुणाला तरी पत्र लिहितोय. अक्षर सहन कर.

तुला माहिती आहे, आमच्याकडे पावसाळ्यात "पूर आलाय का?" असं कुणी विचारत नाही. "किती फूट?" विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरवाले त्याच्या आधीच गाठोडी बांधतात, आमची गल्ली बरीच उशिरा. 2005 ला पाणी 54 फुटांच्या जवळ गेलं आणि माझ्या उंबऱ्याला टेकून परतलं. 2019 ला साडेसत्तावन्न. तेवढ्या साडेतीन फुटांत काय काय गेलं ते तू चिखल काढायला आला होतास तेव्हा पाहिलंस.

तेव्हाची एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नाही, लाज वाटली म्हणून. पाणी चढत होतं तेव्हा मी गल्लीत छाती काढून सांगत होतो, "2005 च्या वर जात नसतंय." गव्हाची अकरा पोती फुटभर उंचीच्या फळ्यांवर ठेवली आणि निवांत झोपलो. शेजारचे टेलर म्हणत होते, "कृष्णामाईच्या मनात असंल ते हुईल." त्यांनी काहीच हलवलं नाही. मी आशेवर, ते नशिबावर. माझी पोती फुगून फुटली, त्यांच्या तिन्ही मशिनी गंजल्या. पाण्याने दोघांत काही फरक केला नाही बघ.

2021 च्या जुलैत आम्ही दोघांनीही मत बाजूला ठेवलं आणि फक्त आकडा विचारत राहिलो. इशारा पातळीलाच गॅरेजवाल्याची चेन पुली आणली, गिरणीची मोटार लोखंडी तुळईला टांगून चार फूट वर घेतली. टेलरनी मशिनी वरच्या मजल्यावर नेल्या. पाणी 55 च्या आसपास गेलं, घरात फूटभर आलं. चिखल काढला, जात्याच्या दगडाला छिन्नीने टाकी लावली, पट्टा चढवला आणि दळण सुरू. 2019 ला मोटारीचं वाइंडिंग भरून आणायलाच पंधरा दिवस गेले होते. पूर दोन्ही वेळा आलाच, ते मी नाकारत नाही.

आता तुझ्या दीड अंशाकडे येतो. 2024 हे साल औद्योगिक काळाच्या आधीच्या मानाने दीड अंशाहून जास्त तापलं, हे खरं. पॅरिसला 2015 मध्ये जी रेघ ओढली ती मात्र एका सालाची नाही, अनेक वर्षांच्या सरासरीची आहे. तीही ओलांडू असंच दिसतंय, तुझ्याशी खोटं का बोलू? पण दीड म्हणजे काही धरणाची भिंत नव्हे, की ती फुटली आणि संपलं. ती आयर्विनवरची खूण आहे. हवा एका अंशाने तापली की सात टक्क्यांच्या आसपास जास्त बाष्प धरते, आणि मग पाऊसही तेवढा जोराने कोसळतो. म्हणजे 1.7 आणि 1.9 मध्येसुद्धा कुणाची तरी गल्ली आहे. तू म्हणतोस दीड गेला, सोडा. सांगलीत पंचेचाळीसला कुणी असं म्हणालं, तर त्याला आम्ही बांधून बोटीत घालू.

माझ्या पोराने मला आणखी एक समजावलं, ते मला आधी उलटंच वाटायचं. मला वाटायचं, आज सगळा धूर थांबवला तरी पारा चढतच राहणार. तसं नाही म्हणे. कार्बन डायऑक्साईडची भर शून्यावर आली की तापमान चढायचं जवळपास थांबतं. उतरत मात्र नाही, शेकडो वर्षं तिथंच तुंबून राहतं. म्हणजे आपल्या पोरांना तुंबलेलंच पाणी मिळणार. किती फूट तुंबलेलं, एवढंच आपल्या हातात. हे ऐकून मला दिलासा नाही मिळाला, उलट झोप उडाली. नशिबावर ढकललं असतं तर बरी लागली असती.

आणि नशिबाचं तू मला सांगतोस? आटपाडीचा तू! तुझे आबा 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे, सुकडीवर दिवस काढले. 1993 पासून तुमच्याकडे पाणी परिषदा भरायला लागल्या, नागनाथअण्णा नायकवडी बोलायला उभे राहायचे, तेव्हा आबा फडक्यात भाकरी बांधून जायचे. कृष्णेचं पाणी एवढं चढवून माणदेशात आणायचं आणि जमीन असो-नसो सगळ्यांना वाटायचं, असली मागणी. आपण कॉलेजात हसायचो त्यांना. मी तर जास्तच. त्यासाठीच्या टेंभू उपसा योजनेला 1996 मध्ये मंजुरी मिळाली, पाणी यायला पुढं कितीतरी वर्षं गेली, समान वाटप तर अजून हवं तसं नाहीच. पण तू जी बाग काढायला निघालायस ती कुठल्या पाण्यावर उभी आहे रे?

तू लगेच म्हणशील, टेंभूचे पंप बहुतेक कोळशाच्या विजेवर चालतात ना. मान्य. आपला प्रत्येक इलाज दुसरीकडे धूर काढतो, याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच दिसतंय की 2010 नंतरच्या दहा वर्षांत सोलर पॅनेलचा भाव जवळजवळ नव्वद टक्के उतरला, आणि तो कुणाच्या पुण्याईने नाही, माल वाढला म्हणून. वेग पुरेसा आहे का? नाही.

बाग तेल्या रोगाने गेली असेल तर खुशाल काढ, तो हिशेब तुझा. पण जगाच्या नावाने काढू नकोस मर्दा. आणि पोराला तसलं काही सांगू नकोस, तो खरं धरून बसेल. वहिनींना विचारलंस का तरी?

मृग बहार धरलास का नाही ते कळव. पेरण्या आटपल्या की ये, येताना पाच किलो बाजरी आण, दळून देतो. ती चेन पुली अजून तुळईलाच आहे, गॅरेजवाल्याने मागायचं सोडून दिलंय. आणि भिंतीवर 2019 ची रेघ मी लाल ऑइल पेंटने काढून ठेवलीय. माझ्या कमरेच्या जरा वर येते. तुझ्या कुठवर येईल ते उभं करूनच बघू, बुटक्या.

तुझा,
दिगू