गोळीतला स्टार्च कशाचा आहे, हे वेष्टनावर लिहायला लावा

मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : गर्भवतींना दिल्या जाणाऱ्या गोळ्या आणि पूरकांच्या वेष्टनांवर ग्लुटेनची स्पष्ट नोंद असण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीला चार वर्षांपूर्वी सिलिॲक आजाराचे निदान झाले. त्याआधी दीड वर्ष लोहाच्या गोळ्या घेऊनही तिचे हिमोग्लोबिन वाढत नव्हते आणि ‘तू नीट जेवत नाहीस’ असे आम्ही सगळे, मीसुद्धा, तिलाच बोलत होतो. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे या रुग्णांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि खाल्लेल्या अन्नातले लोह, फोलेट, कॅल्शियम अंगी लागत नाही. आयुष्यभर ग्लुटेन टाळणे हाच त्यावरचा उपचार आहे. आमच्या घरातून पोळी गेली, ज्वारीची भाकरी आली. डबीतल्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते हे कळल्यावर फोडणीतला हिंगसुद्धा गेला.

आता तिला पाचवा महिना आहे. गरोदरपणात फोलिक ॲसिड, लोह आणि कॅल्शियम प्रत्येकीलाच लागते, परंतु जिच्या आतड्याने वर्षानुवर्षे हीच तत्त्वे नाकारली तिला ती अधिक काळजीने द्यावी लागतात. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या तेव्हा यांत ग्लुटेन नाही ना, असे मी विचारले. ‘स्ट्रिपवरून ते आम्हालाही कळत नाही, कंपनीला विचारा,’ असे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

मग मी नागपुरातली, सीताबर्डीपासून धरमपेठेपर्यंतची औषधांची दुकाने पालथी घातली. लोहाच्या एका स्ट्रिपच्या मागे, चंदेरी कागदावरच्या बारीक अक्षरांत, लोह किती, फोलिक ॲसिड किती आणि रंग कोणता हे छापलेले होते. त्यापुढे फक्त ‘एक्सिपियंट्स क्यू. एस.’, म्हणजे बाकीचे घटक लागतील तेवढे. गोळीला आकार देणारा स्टार्च याच ‘बाकीच्या’ घटकांत येतो. तो बहुतेक वेळा मक्याचा असतो, पण बटाट्याचा किंवा गव्हाचाही असू शकतो, आणि माझ्या मुलीच्या दृष्टीने नेमका तोच प्रश्न आहे. दुसऱ्या दुकानात पाच गोळ्या कात्रीने कापून मिळाल्या. त्या तुकड्यावर बॅच क्रमांकही उरला नव्हता. कंपनीला विचारायचे तरी कशाच्या आधारावर? एका कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर मला उत्तर मिळाले, ‘काळजी करू नका, हिरवा ठिपका आहे ना, शाकाहारी आहे.’ गहू शाकाहारीच असतो, हे मला फोनवरच्या त्या मुलीला समजावून सांगावे लागले. तिचा दोष नाही, तिला कोणी शिकवलेच नव्हते.

महोदय, खरी अडचण कायद्याच्या सीमारेषेवर आहे. दुकानातल्या एकाच कप्प्यात दोन डब्या शेजारी शेजारी असतात. एकीवर औषध उत्पादनाचा परवाना क्रमांक असतो, म्हणजे ती 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येते आणि तिच्यावर स्टार्चचा उगम लिहिण्याची सक्ती नाही. दुसरीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक असतो, म्हणजे ती 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे पूरक आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाबाबतच्या 2020 च्या नियमांनुसार ग्लुटेनयुक्त धान्य वापरले असल्यास ॲलर्जीकारक घटक म्हणून ते वेगळे नमूद करावे लागते, आणि ‘ग्लुटेन फ्री’ म्हणायचे तर ग्लुटेनचे प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तरीही मला एक डबी अशी मिळाली, जिच्या घटकांच्या यादीत गव्हापासून केलेला घटक होता आणि ॲलर्जीची ओळ मात्र कुठेच नव्हती. गरोदर बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रथिनांच्या पावडरींत माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) असतो, तो सहसा जवापासून केलेला असतो, आणि सामान्य ग्राहकाला ‘माल्ट’ या शब्दावरून हे कळत नाही.

हे वाचून कोणी गोळ्या बंद करू नयेत, असे मी मनापासून सांगते. रक्तक्षयाचा धोका आई आणि बाळ दोघांनाही आहे; गोळीबद्दल शंका असेल तर डॉक्टरांशी बोलून ती बदलून घ्यावी. पण बदलायची कोणत्या गोळीने, हे वेष्टनानेच सांगायला हवे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गर्भवतीला 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या तिमाहीपासून 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस दिली जाते. सरकारी दवाखान्यात ती घेणाऱ्या बाईला ब्रँड निवडता येत नाही. माझ्याजवळ फोन करायला वेळ होता, वाचायला चष्मा होता; काटोल किंवा उमरेडकडच्या गावातून तपासणीला येणाऱ्या मुलीने हे कसे करावे?

राज्यात या दोन्ही कायद्यांची अंमलबजावणी आपल्याच खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. औषधांच्या वेष्टनावर स्टार्चचा उगम लिहिणे सक्तीचे करावे, अशी शिफारस आपण केंद्राकडे करावी. कोणता स्टार्च वापरला याची नोंद उत्पादकाकडे असतेच. प्रश्न फक्त एक ओळ छापण्याचा आहे. सरकारी खरेदीच्या निविदेत तशी अट घालण्यासाठी मात्र केंद्राची वाट पाहण्याचे कारण नाही, त्याबाबत आपण सार्वजनिक आरोग्य विभागाशी बोलावे. आणि पूरकांच्या डब्यांवरची ॲलर्जीची ओळ आपल्या निरीक्षकांनी नागपूरच्या दुकानांत प्रत्यक्ष जाऊन तपासावी, कारण तो नियम आजही लागू आहे.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल तेव्हा मला दहा मिनिटे द्यावीत, ही विनंती. जमवलेल्या स्ट्रिपा आणि डब्या मी एका पिशवीत ठेवल्या आहेत, त्या घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक आई, नागपूर