आई-बाबा, गोथेनबर्गचं नक्की केलंय

प्रिय आई, बाबा,

फोनवर विषय काढला की बाबा उठून अंगणात जातात आणि आईचा आवाज बदलतो, म्हणून लिहूनच पाठवतेय, सावकाश वाचा. स्वीडनमधल्या गोथेनबर्गची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मी घेतेय. होकाराचा मेल गेला पण.

बाबांचा पहिला प्रश्न, परमनंट आहे का. नाही. दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वाढलं तर थोडं वाढेल. पण बाबा, खाणीतली नोकरी परमनंटच होती ना? 2012 ला बंद पडली, मग सुरू झाली म्हणेपर्यंत 2018 ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि डिचोलीत कर्ज काढून घेतलेले ट्रक लोकांच्या दारात गंजत बसले. इथे निदान कधी संपणार ते आधीच लिहून दिलंय. आणि हे शिक्षण नाही हो, पगारी नोकरी आहे, वर्षाला किमान 25 दिवस भरपगारी रजा तिथल्या कायद्यानेच मिळते, तेव्हा "आमची अजून शिकतेच आहे" हे आता बंद करा. वाड्यावर कोणी पोर्तुगीज पासपोर्ट केला काय विचारलं तर नाही म्हणा, आपल्या भारतीय पासपोर्टवरच चाललेय.

काम काय ते बाबांना हवंय. पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो, मोठा केंद्रकात आणि एक छोटासा गोल मायटोकाँड्रियात, जिथे पेशीची ऊर्जा तयार होते. छोटा म्हणजे 16,569 अक्षरं, 37 जीन्स, बस. पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो कॉप्या असतात आणि त्या नव्याने काढत राहाव्या लागतात. ट्विंकल नावाचं प्रोटीन (खरंच हेच नाव आहे) वेणीचे पेड सोडवावे तसे दोन धागे सुटे करतं, पोलिमरेज गॅमा नावाचं दुसरं प्रोटीन मागून कॉपी करत जातं आणि तिसरं एक प्रोटीन सुट्या धाग्याला चिकटून तो सांभाळतं. ही तिन्ही टेस्ट ट्यूबमधे घालून जवळजवळ 16 हजार अक्षरांची कॉपी काढून दाखवली ती 2004 मधे, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या लोकांनी. मला बघायचंय ते हे की पोलिमरेज गॅमातच बिघाड असला तर कॉपी नेमकी कुठे अडते.

आता मावशीच्या नातवाचं. त्याच्या आईने, म्हणजे ताईने, रिपोर्ट पाठवलेला, मी वाचला. पीओएलजी जीन, म्हणजे ज्यावरून हा पोलिमरेज गॅमा बनतो तोच. तिची सासू म्हणे सगळ्यांना सांगत सुटलीय की मायटोकाँड्रिया आईकडून येतो म्हणजे दोष सुनेचाच. अर्धवट ज्ञान, दुसरं काय. मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडून येतो हे खरं, पण हा जीन तिथे नाहीच, तो केंद्रकात आहे, 15 नंबरच्या क्रोमोसोमवर, आणि पोराच्या दोन्ही कॉप्यांत बिघाड आहे, एक आईकडून आली एक बापाकडून, दोघंही स्वतः धडधाकट त्यामुळे कोणाला कळणार होतं? आई, तू हे मावशीच्या घरी जाऊन सगळ्यांसमोर सांग, सासूसमोर तर नक्कीच.

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. फिट्सवर व्हॅल्प्रोएट नावाचं औषध देतात, ते या बिघाडाच्या मुलांना चालत नाही, लिव्हर निकामी होऊ शकतं. मी काही औषधं देणारी डॉक्टर नव्हे, बांबोळीच्या हॉस्पिटलात त्याला बघतात त्यांना हे माहीत असणार, पण रात्री-बेरात्री भलत्याच दवाखान्यात न्यावं लागलं तर? म्हणून त्यांच्याकडून फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यायला सांग.

आणि तू मावशीला म्हणालीस ना, आमची बाय तिकडून औषध शोधून आणील? ते मागे घे गो. 2025 मधे गोथेनबर्गच्या लोकांनी बिघडलेल्या पोलिमरेज गॅमाचं काम सुधारणारा एक रेणू दाखवलाय, रुग्णांच्या पेशींवर चालला, त्यामुळेच मला तिथे जायची इतकी घाई. पण पेशी वेगळ्या आणि चालतं-बोलतं पोर वेगळं, मधे कित्येक वर्षं जातात आणि पुष्कळदा काहीच हाती लागत नाही. मी जे करणार ते औषधाच्याही अलीकडचं, नुसतं कुठे अडतं ते बघायचं. ताईला मी स्वतः फोन करून हे सांगते, तुम्ही मधे पडू नका.

या चतुर्थीला जमणार नाही. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला काकाच्या मुलांना बोलवा, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमचे दोघांचे पासपोर्ट मात्र आत्ताच पणजीला जाऊन करून टाका, जूनमधे या. डिसेंबरात नको, साडेतीनलाच अंधार पडतो आणि आई मला भर दुपारी दिवे लावायला लावील.

तुमची,
बाय